रीडर गैरहजर

कारखान्यातल्या जगतापांचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी खोलीच्या दारातच होते, एका पायात चप्पल आणि दुसरी शोधत. ऑफिसला उशीर झाला होता. मला नेहमीच उशीर झालेला असतो. कार्डाच्या माथ्यावर 'अशुभ' लिहिलं होतं आणि खाली चार ओळी... आपले इस्माईलभाई मंगळवारी दुपारी वारले, दुकानातच, छातीत कळ आली, तुम्हाला कळवावं म्हणून कळवलं. असं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मी ते पर्समध्ये कोंबलं, बस पकडली, दिवसभर काम केलं, एकाशी भांडलेसुद्धा. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा कुठे 'वारले' हा शब्द आत गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी इस्माईलभाईंवर चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा त्यांच्या चांगुलपणाची दोन पानं लिहून फाडली. चांगले तर ते होतेच. पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. एका कामाचं श्रेय त्यांचं होतं, ते मी घेतलं, आणि परत करायची संधी चालून आली तेव्हा एका शब्दात ते पुन्हा गिळलं. हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात मी तीन हंगाम कॉम्प्युटरवर होते. साखर कारखाना आणि कॉम्प्युटर हे ऐकून पुण्यातले लोक अजून हसतात. तेव्हा तर कारखान्यातलेच हसायचे. मुंबईच्या एका कापड गिरणीने नवं यंत्र घेतलं, जुनं विकायला काढलं, आणि आमच्या हौशी चेअरमनसाहेबांनी ते ट्रकांत भरून आणलं. कुणाचा ऊस कोणत्या आठवड्यात तोडायचा याची यादी त्यावर व्हायची. प्रत्येक शेताचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर भोकं. लागण कधीची, ऊस कोणता, विहिरीला पाणी किती, सगळं त्या भोकांत. ही कार्डं आम्ही दिवसभर पिसायचो म्हणून आमच्या खोलीला 'पत्त्यांचा क्लब' असं नाव पडलं. "काय बाई, आज राणी पडली का गुलाम?" असं विचारल्याशिवाय वजनकाट्यावरचा कारकून खिडकीवरून पुढे जात नसे. मी नगरच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झालेली, मुंबईला सहा आठवड्यांचं शिक्षण घेऊन आलेली, वय तेवीस आणि जिभेला धार. एकदा त्याला म्हटलं, "जोकर खिडकीबाहेर उभा आहे." त्यानंतर क्लबचं नाव राहिलं, पण विचारणं थांबलं.

इस्माईलभाई तांबोळी या क्लबचे दुसरे सभासद. पन्नाशीचे, उंच, जरासे वाकलेले, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेचकस आणि कॉलरला टोचलेली एक सुई. आधी नगरला छापखान्यात यंत्रावर होते, मग श्रीगोंद्याच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमचं कार्ड वाचणारं यंत्र, त्याला आम्ही रीडर म्हणायचो, पहिल्याच महिन्यात अडून बसलं. मुंबईचा मेकॅनिक येतो येतो म्हणून येईना, तेव्हा शेतकी अधिकाऱ्यांनी बाजारातून यांना बोलावून आणलं. त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली, पत्र्याला कान लावला आणि म्हणाले, "ह्याच्या दाताला कचरा हाय." खरंच होता. दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात नोकरीला लागले आणि दुकान सुटीच्या दिवशी उघडू लागले. इंग्रजीची अक्षरओळख नाही. मराठी वाचायचे ते एकेका शब्दावर बोट ठेवून. प्रोग्रॅम म्हणजे काय हे मी त्यांना कधी समजावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. खंडेनवमीला मात्र रीडरला हळदकुंकू लावायचं काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत. "भटजींचा हात त्याला नवा हाय, बिचकंल," असं म्हणून स्वतः निगुतीने झेंडूची माळ घालायचे.

माझ्या तिसऱ्या हंगामाच्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस फिरकला नाही. पूर्वेकडच्या गावांच्या विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या. पाणी तुटलं की ऊस वाळतो, त्यातली साखर जाते, मग तो तोडूनही उपयोग नसतो. तेव्हा ज्याचं पाणी आधी आटलं त्याचा ऊस आधी तोडायचा असं ठरलं. ठरवायला काय जातं! कुणाची विहीर कधी आटली हे रोज बदलायचं, रोज ढीगभर कार्डं नव्याने भोकं पाडून यायची, आणि आमच्या यंत्राला एक यादी काढायला पाच दिवस लागायचे. सोमवारी लावलेली यादी शुक्रवारी हातात यायची, तोवर तिच्यातली कितीतरी शेतं वाळून गेलेली. एके दिवशी पूर्वेच्या एका गावची बाई उसाचं एक वाळकं कांडं घेऊन थेट आमच्या खोलीत आली आणि ते माझ्या टेबलावर ठेवलं. "बाई, ह्यो तुमच्या कागदावर अजून हिरवा हाय बघा," एवढंच बोलली आणि उभी राहिली. इस्माईलभाईंनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. ती गेल्यावर ते कांडं त्यांनी फेकलं नाही, रीडरच्या शेजारी उभं करून ठेवलं.

चेअरमनसाहेबांनी पुन्हा मुंबई गाठली आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडून एक नवं कपाट आणलं. बाहेरून कपाट, आत फिरणाऱ्या थाळ्या. त्यांवर सगळी शेतं एकदम मावणार आणि पाच दिवसांचं काम एका दिवसात होणार. अट एकच, जुना सुपरवायझर काढून नवा बसवायचा. हे सुपरवायझर प्रकरण इथे सांगायला हवं. कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. सकाळी चालू केला की आधी एक मूळचा प्रोग्रॅम त्याच्या पोटात भरावा लागतो, बाकीची कामं मग त्याच्या देखरेखीखाली. रीडरने कार्ड कधी ओढायचं, प्रिंटरने ओळ कधी छापायची, हे तो सांगणार. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नावच सुपरवायझर होतं, आणि आमच्याकडे तो कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपाने एका लांबोड्या खोक्यात राहत असे. मी माझ्या नेहमीच्या घाईत फळ्यावर नोटीस लावली: 'शनिवारी सकाळी सुपरवायझर बदलण्यात येईल. जुना काढून त्या जागी अधिक कार्यक्षम सुपरवायझर बसवण्यात येईल. कोणीही अडथळा आणू नये.' दुपारच्या आत गाडीतळावरचे सुपरवायझर जगताप माझ्या दारात हजर. उसाच्या बैलगाड्या नंबराने वजनकाट्यावर सोडायचं काम ते पंधरा वर्षं करत होते. मफलर हातात, डोळे लाल, मागे दहा-बारा माणसं. "बाई, माजी काय कसूर झाली तेवढी सांगा. अन् ह्यो कार्यक्षम कोन हाय? कुनाचा पाव्हना हाय?" मला आधी कळेना, मग हसू आवरेना, आणि माझ्या हसण्याने प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी इस्माईलभाई उठले, जगतापांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत आणलं आणि खोक्याचं झाकण उघडलं. "ह्यो बघा तुमच्या जागंवर येनारा. उचलून बघा, लई हलका हाय." जगतापांनी खरंच उचलून बघितला. मग बाहेर जाऊन मंडळींना सांगितलं की काळजी नको, सुपरवायझर पुठ्ठ्याचा आहे.

शनिवारी सकाळी जुना गठ्ठा मी रद्दीत टाकायला काढला. ती कार्डं पाठकोरी असतात, किराणा मालाची यादी करायला बरी पडतात. इस्माईलभाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, सुतळीने बांधला आणि आपल्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. "नवी सून आली म्हनून सासूला घराभाईर काढत न्हाईत," म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं आपलं जुन्याचंच कौतुक." नवा सुपरवायझर रीडरच्या तोंडून यंत्राच्या पोटात गेला, दिवे लागले, आणि टाइपरायटरवर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचं मराठी एवढंच: रीडर गैरहजर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. ज्या रीडरने त्याला घास घास करून आत घातलं, त्यालाच तो आत गेल्यावर ओळखेना! मी ओळ वाचून दाखवली तर इस्माईलभाई रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "गैरहजर? आवो समोर धडधडीत हुबा हाय की त्यो!" दुपारपर्यंत आम्ही झटलो. शेवटी पेटीच्या तळातला गठ्ठा बाहेर आला, सुतळी सुटली, आणि निदान जुनी रडतखडत चालणारी यादी तरी सुरू झाली. त्या वेळी 'बघा, म्हनलो हुतो' असं ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

कंपनीच्या साहेबांना ट्रंक कॉल लावला. ते म्हणाले, तुमचा रीडर जुना झाला, नव्या सुपरवायझरला तो चालायचा नाही, नवा मागवा. नवा म्हणजे परदेशातून; परवाना, बोट, बंदर, आठ महिने कुठे गेले नाहीत. तोवर हंगाम संपलेला आणि पूर्वेकडचा ऊस चुलीत गेलेला. त्या आठवड्यात मी कोणाशी धड बोलले नाही. नव्या सुपरवायझरची छापील प्रत होती, वावभर लांब कागदाची घडी. ती मी जेवताना वाचायची, चालताना वाचायची, आणि डोकं आणखी फिरायचं. कारण त्या कागदात आमच्या जातीच्या रीडरचं नाव होतं! म्हणजे सुपरवायझरला तो माहीत होता. मग गैरहजर कसा? इस्माईलभाई रीडर उघडायचे, पुसायचे, तेल द्यायचे, पुन्हा मिटायचे. मी त्यांच्यावर खेकसले, "तुमच्या यंत्रातच काहीतरी बिघडलंय." ते म्हणाले, "आसंलबी." आणि पुन्हा पहिल्या स्क्रूपासून सुरुवात केली.

बुधवारी दुपारी जगताप चहाला आले. पुठ्ठ्याचा सुपरवायझर नापास झाल्याची बातमी गाडीतळावर पोचली होती आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "काय, रुळले का कार्यक्षम साहेब?" म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि मागच्या हंगामातली गोष्ट काढली. ते आजारी होते तेव्हा त्यांच्या जागी एक नवा माणूस नेमला होता. "लई चटपटीत गडी. गाडीचा नंबर पुकारायचा, अन् बिडीचा एक झुरका व्हायच्या आत फुडचा नंबर. आमचे गाडीवान म्हातारे. गाडीखालनं उठायचं, धोतर सावरायचं, मंग 'ओ' म्हनायचं... तवर ह्यानं वहीत लिवलेलं, गैरहजर! गाडी समोर हुबी, बैलं समोर हुबी, अन् वहीत गैरहजर!" जगताप हसले, मीही हसले. इस्माईलभाई हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, तुमचा नवा ह्याला हाक मारून किती वेळ थांबतो?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "प्रोग्रॅममधलं तुम्हाला काय कळतं, इस्माईलभाई?"

"प्रोग्रॅममधलं न्हाई कळत. ह्याचं कळतं," ते रीडरवर हात ठेवून म्हणाले. "ह्यो 'ओ' देतो. पन बसलेला असतो, उठून देतो."

मग त्यांनी खिशातून खडू काढला, रीडरच्या चाकावर एक रेघ मारली आणि मला हाताने चाक फिरवून दाखवलं. हाक आली की चाक दीड फेरा फिरतं, मग दात खाली येतो, मग कुठे 'तयार आहे' असा इशारा सुटतो. मी कागदाची घडी उलगडली. जगतापांनी एक टोक धरलं. हाक मारल्यावर थांबायचा आकडा शोधायला मला तासभर लागला, कारण तो मी चार वेळा पाहून सोडून दिला होता. गणित केलं. तो आकडा आमच्या चाकाच्या पाव फेऱ्याएवढा भरला. नव्या यंत्रांना तेवढा पुरत असेल. आमच्या म्हाताऱ्यासाठी मात्र पाव फेरा थांबून साहेब वहीत गैरहजर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कार्ड नव्या आकड्याने पाडलं आणि गठ्ठ्यात घातलं. रीडर हजर झाला! कार्डं सळसळत आत जाऊ लागली आणि मी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी प्रिंटर प्रत्येक ओळ दोनदा छापायला लागला. थांबायचा आकडा सगळ्यांना मिळून एकच होता. आता सुपरवायझर प्रिंटरपुढेही तेवढाच रेंगाळायचा, आणि तेवढ्यात प्रिंटर तीच ओळ पुन्हा हाणायचा. आकडा कमी केला की रीडर गैरहजर, वाढवला की ओळी दुप्पट. मी मधला आकडा शोधत दुपार घालवली. इस्माईलभाई मागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "सगळ्यांस्नी एकच घड्याळ लावू नका, बाई. ज्याची त्याची वाट येगळी बघा." झालं. मी अकरा ओळी लिहिल्या, अकरा कार्डं. हाक मारायच्या आधी बघायचं की समोर कोण आहे, आणि त्याच्या सवयीप्रमाणे थांबायचं. कुणासाठी किती थांबायचं ते त्यांनी खडूच्या रेघा मोजून सांगितलं. रीडरला दीड फेरा, प्रिंटरला अर्धा. "कपाट तरनं हाय, त्येला थांबायला नको." शुक्रवारी सकाळी लावलेली यादी दुपारी चारला पुरी झाली आणि शेतकी खात्याची जीप ती घेऊन निघाली. वाळकं कांडं घेऊन आलेल्या त्या बाईचं शेत यादीत तिसरं होतं. तिचा निम्मा ऊस हाती लागला. निम्मा गेला होता.

कारखान्याच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. कंपनीचे साहेब मुंबईहून मुद्दाम आले होते. आमच्या इंजिनिअरांना जे सुचलं नाही ते श्रीगोंद्याच्या मुलीला सुचलं, असं ते भाषणात म्हणाले आणि माईक माझ्या हातात दिला. इस्माईलभाई तिसऱ्या रांगेत बसले होते, परीटघडीचा पांढरा शर्ट आणि डोक्यावर टोपी घालून. मी म्हटलं, हे सर्वांच्या सहकार्याने झालं. सर्वांच्या म्हणजे कोणाच्याच नाही. हे मला नंतर उमगलं असं लिहायची सोय नाही, कारण ते मला माईकसमोरच उमगलं होतं. त्यांचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? घेतलं नाही. ते मात्र डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते.

उन्हाळ्यात कंपनीने पुण्याला शाखा काढली आणि मला बोलावणं आलं. जुनी यंत्रं सांभाळायला त्यांना एक मेकॅनिकही हवा होता. आमच्या कारखान्याने तोवर नवा रीडर मागवला होता, म्हणजे तो आला की इस्माईलभाईंचं काम संपणार होतं. माझ्या जाण्याच्या दिवशी ते खोलीवर आले. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "इंग्लिसमधी दोन ओळी लिवून द्या, बाई. म्हंजी त्यांस्नी कळंल, ह्या मानसाला कायतरी येतं." स्टँडवर सोडायला जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी ट्रंकेवर कागद ठेवून लिहायला लागले. काय लिहायचं ते माझ्या डोक्यात लख्ख होतं: बिघाड यांनी ओळखला, उपाय यांनी सांगितला, मी तो फक्त यंत्राच्या भाषेत उतरवला. पण कागद वाचणारे तेच साहेब होते, ज्यांनी माईक माझ्या हातात दिला होता. 'मग तू काय केलंस?' असं ते विचारतील, हे मला दिसलं. इंग्रजीत एक सोयीचा शब्द आहे, असिस्टेड. म्हणजे मदत केली. पेचकस आणून देणाराही मदतच करतो. मी लिहिलं, मिस्टर तांबोळी असिस्टेड मी. सही ठोकली. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली... कंपनीने त्यांना घेतलं नाही. पुण्यात एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर साहेब म्हणाले, "पत्र होतं तुमचं, पण ते तर हेल्पर निघाले." मी तेव्हाही तोंड उघडू शकले असते. चहा संपवला आणि उठले.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले, नगरच्या स्टँडवर. मी सावेडीला मामांकडे येऊन परत निघाले होते. ते शिलाई मशीनचे पट्टे घ्यायला आले होते. कारखाना सुटला होता, दुकान आता रोज उघडत होतं. "पुन्याचं मशीन कसं हाय?" त्यांनी विचारलं. चांगलं आहे, म्हटलं. "थांबतं का?" म्हणून ते हसले. मला वाटलं ते पुढे काहीतरी बोलणार आहेत, आणि त्या वाटण्यानेच मी घाबरले. गाडी लागली होती. मी धावत चढले, त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले.

पंधरा दिवसांपूर्वी मी श्रीगोंद्याला गेले. जगताप स्टँडवर न्यायला आले होते. बाजारातलं दुकान बंद होतं, मागेच घर. जैनबभाभी, म्हणजे इस्माईलभाईंच्या पत्नी, इद्दतीत होत्या, म्हणजे नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, घराबाहेर पडत नव्हत्या. जगताप ओट्यावर बसले, मी आत गेले. कसं झालं, काय झालं, सांगून झालं. मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. अक्षर माझंच. कंपनीने अर्जाबरोबर परत पाठवलेला. "वाचून दावा की, बाई. मराठीत सांगा काय लिवलंय."

मी कागद हातात घेतला आणि वाचायला लागले. बिघाड इस्माईल तांबोळी यांनी ओळखला, उपाय त्यांनी सांगितला... माझा आवाज चांगला लागला होता. भाभी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ऐकत होत्या. मी संपवलं. त्या म्हणाल्या, "एवडं लिवलं हुतं, तर मंग घेतलं का न्हाई त्यांस्नी?"

बाहेर जगताप खोकले. मी कागद मांडीवर ठेवला. मग म्हटलं, "भाभी, मी आत्ता जे वाचलं ते या कागदावर नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "अर्ज टाकायच्या आधी पोस्टमास्तराकडनं वाचून घेतलं हुतं त्यांनी. घरी येऊन म्हनले, मदत केली, आसं लिवलंय. मी म्हनलं, आजून लांब गेल्या नसतील, मागारी जावा, नीट लिवून आना. तर म्हनले, ऱ्हाऊं दे. बाई घाईत हुत्या."

"मग मला का वाचायला लावलंत?"

"तुमच्या तोंडनं काय निगतंय ते ऐकायचं हुतं."

मला रडू फुटलं. भाभींनी मला थांबवलं नाही, समजावलं नाही, बसून राहिल्या. थोड्या वेळाने मी पर्समधून पेन काढलं आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, मराठीत, आत्ता वाचलेलं सगळं लिहिलं. खाली सही केली. भाभींनी तो कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला. "आता कुनाला दावू ह्यो?" त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात राग नव्हता, असता तर सोसला असता. मग त्या उठल्या, मधलं दार ढकलून अंधाऱ्या दुकानात गेल्या, मीही मागे गेले. भिंतीला लागून इस्माईलभाईंचं स्वतःचं शिलाई मशीन होतं. त्याच्या उजव्या हाताच्या खणात ते गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ठेवत, ज्यांची कामं अजून व्हायची होती त्यांच्या. अजून पाच-सहा चिठ्ठ्या तिथे होत्या. भाभींनी माझा कागद त्यांच्याखाली सरकवला आणि खण लावून घेतला.